आधी घर की आधी जर्मन?

व्हिएन्नाला निघालेल्या जोडप्याने विचारलंय, आधी जर्मनचा क्लास की आधी घर? अर्थात घर! राहायला गेल्यापासून तीन दिवसांत मेल्डेत्सेटलची, म्हणजे राहत्या पत्त्याच्या फॉर्मची, नोंदणी करावी लागते. त्यावर घर देणाऱ्याची सही हवी, आणि तो कागद नसला की पुढची बरीच कामं अडतात.

रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारीच ब्रुनेनमार्क्टचा रस्त्यावरचा बाजार गाठा. तुर्की गाळ्यांवर कोथिंबीर-पुदिन्याच्या जुड्या, वांगी, नशीब असेल तर भेंडीही. नळाला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, तेव्हा तो फिल्टर बॅगेतून काढा बघू!

क्लास मात्र दोघांनीही लावा. एकालाच भाषा आली की दुसरा प्रत्येक खिडकीवर त्याच्या मागे उभा. त्यावरून झालेली भांडणं जवळून पाहिलीत. फोल्क्सहोखशूलेचे, म्हणजे प्रौढांसाठीच्या शिक्षणकेंद्राचे, संध्याकाळचे वर्ग नोकरी करणाऱ्यालाही जमतात.