मदत हवी आहे: नैरोबीहून मसाई गावी एका दिवसाची भेट

नोकरीनिमित्त सध्या नैरोबीत आहे. बडोद्याहून आलेल्या आईबाबांना आणि मुलीला दक्षिणेकडील काजियाडो भागातील मसाई या पशुपालक जमातीच्या गावी नेऊन संध्याकाळपर्यंत परतायचे आहे. प्रवासी कंपन्यांकडे चौकशी केली. परंतु त्यांचा भर उड्यांचे नृत्य आणि मण्यांच्या माळांची विक्री यांवरच दिसला, म्हणून तो विचार सोडून मसाई सहकाऱ्याने स्वतःच्या घरी दिलेले आमंत्रण स्वीकारले. गाडी आपली आहे, स्वाहिलीही कामापुरती येते. तिथे मिळणारा दुधाचा गोड चहा आईला आवडेल. मात्र ती शाकाहारी आहे आणि पाहुण्यांसाठी बकरा कापला जाण्याची शक्यता आहे. (सहकाऱ्याला थेट विचारणे अवघड वाटते.) बडोद्यातील ज्यांची पूर्व आफ्रिकेत नोकरी आहे किंवा ज्यांचे तिथे नातेवाईक आहेत त्यांनी कृपया सांगावे: आई मांस खाणार नाही हे आधीच कळवणे यजमानांना अपमानास्पद वाटेल का, आणि भेट म्हणून साखर व चहापत्ती न्यावी की वडीलधाऱ्यांच्या हाती पैसे द्यावेत?