मदत हवी आहे: काल गोल कातलेला वाडगा आज लंबगोल, शिवाय चकमधून उडाला

लेथवर (लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र) हौस म्हणून काम सुरू करून आठ महिने झाले. भोवरे, पटाश्यांच्या मुठी एवढं जमलं, म्हणून हुरूप येऊन वाडग्याला हात घातला आणि तिथेच गाडी अडली.

पडलेल्या झाडाचा ओंडका मधोमध उभा चिरला, गाभा काढून टाकला आणि ९ इंची गोल ठोकळा घेतला. शनिवारी बाहेरचा आकार पूर्ण केला, चकने (लेथवर लाकूड धरणारी जबड्यांची पकड) धरायला बुडाशी टेनन (गोल खुंटीसारखा उंचवटा) ठेवला, उलटा करून आतून निम्मं पोखरलं. लांबच लांब ढलप्या निघत होत्या, तोंडावर बारीक तुषारही उडत होते. मजा आली! अंधार पडला म्हणून चकसकट तसाच ठेवून दिला.

रविवारी लेथ सुरू केला तर काठ डुगडुगतोय. चक सैल झाला असेल म्हणून आवळला. बाउल गाऊज (वाडगा कातायची पन्हळी पटाशी) आत घातला तर नुसतं टक-टक, एका फेऱ्यात दोनदाच लाकूड लागतंय, मध्ये हवा. तरी रेटलं (हा माझा स्वभाव). भिंत बुडाकडे वळते तिथे गाऊजने असा घास घेतला की वाडगा चकमधून निसटून थेट फेस शील्डवर. ते घातलं होतं म्हणून हे लिहू शकतोय.

शिवाय बाहेरून समोरासमोर दोन ठिकाणी लाकडाचे रेषे (तंतू) उपटल्यासारखे दिसतात. ८० नंबरचा पॉलिश पेपर घासून तिथे खड्डा पडला, खरखर गेली नाही.

वेग मिनिटाला १४०० फेरे होता. बाहेरून काठाकडून बुडाकडे कापत आलो. चक बदलावा का? की गाऊजच चुकीचा घेतलाय?

प्रतिसाद

आधी एक सांगा, झाड पडून किती दिवस झाले?

धागाकर्ता

तीन आठवडे.

प्रतिसाद

मग चक आणि गाऊज दोघेही निर्दोष. तुषार उडत होते म्हणजे लाकूड चिंब ओलं होतं. सुकताना लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, आडवं मात्र चांगलंच आटतं. त्यामुळे गोल वाडगा लंबगोल होणारच, आणि भिंत पातळ झाली असेल तर एका रात्रीतसुद्धा. तुमचा टेननही त्याच लाकडाचा, तोही लंबगोल झाला. चकचे जबडे दोनच बाजूंनी टेकले. तुम्ही आवळलंत, पण पकड आली नाही.

दोन मार्ग आहेत. एक तर ओल्या लाकडाचा वाडगा एका बैठकीत पूर्ण पातळ करायचा आणि मग तो वाकडा होईल तसा होऊ द्यायचा. मला स्वतःला ते वाकडेपण आवडतं, घरच्यांना नाही. दुसरा मार्ग दोनदा कातण्याचा. पहिल्यांदा भिंत व्यासाच्या १० टक्के जाड ठेवायची, म्हणजे तुमच्या वाडग्याला २३ मिलिमीटरच्या आसपास. काठाला आणि जिथे रेषांची टोकं उघडी पडतात तिथे मेण लावून सावलीत ठेवायचा. अधूनमधून वजन करून वाडग्यावरच पेन्सिलीने लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर. काही महिने जातात, घाई केली की तडा ठरलेला.

मधे चहाला उठावं लागलं तर वाडग्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून जा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण उपटलेल्या रेषांचं कारण वेगळं आहे. वाडग्याला बाहेरून बुडाकडून काठाकडे कापायचं आणि आतून काठाकडून मध्याकडे. तुम्ही बाहेरून उलटे गेलात. तिथे रेषांना मागून आधार नसतो, म्हणून त्या कापल्या न जाता उचकटतात. पॉलिश पेपरने हे जात नाही. मऊ भाग आधी झिजतो आणि खड्डा पडतो. गाऊजला ताजी धार लावा, धारेमागचा उतार लाकडावर टेकवा आणि अगदी हलका शेवटचा हात फिरवा.

वेगही जास्त वाटतो. व्यास इंचात घेऊन फेऱ्यांनी गुणला की ६००० ते ९००० च्या आत यावं. ९ इंचाला साधारण ६७० ते १०००. ठोकळा ओबडधोबड असताना त्याहूनही कमी. आणि रफिंग गाऊज (लांब दांडके गोल करायची रुंद पटाशी) वाडग्याला लावत असाल तर आजच थांबा, त्याची मुठीतली दांडी पातळ असते, मोडते.

धागाकर्ता

मोजलं. रेषांच्या दिशेने २२८ मिलिमीटर, आडवं २२४! टेननची एक कड तुटली आहे, बाकी वाडगा शाबूत. भिंत अजून २० मिलिमीटर आहे. वाचेल का?

प्रतिसाद

वाचेल. मेण लावून आत्ता बाजूला ठेवा. सुकला की चकमध्ये एक गोल ठोकळा धरा, वाडग्याचं तोंड त्यावर पालथं टेकवा, मधे जुनं कापड घाला, बुडाकडून टेलस्टॉकने (लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता आधार) दाबा आणि तुटका टेनन काढून नवा काता. जबडे पूर्ण गोल होतात त्या मापापेक्षा किंचित मोठा ठेवा. टेननचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये, जबड्यांवर वाडग्याचा टेननभोवतीचा खांदा बसला पाहिजे.