मदत हवी आहे : तिसरा माणूस आला की व्हिडिओ काळा

नौपाडेकर: क्लाससाठी ॲप बनवतोय, त्यात व्हिडिओ कॉल टाकलाय. दोघं असले की झकास. तिसरा आला की सगळे चेहरे गायब, आवाजही नाही. सोमवारी सरांना दाखवायचंय. लवकर सांगा प्लीज.

खिडकी_सीट: कशाचा एपीआय (दुसऱ्याची सेवा आपल्या ॲपला जोडायचा दुवा)? झूम, जिट्सी, की आणखी काही? मोबाइलवर की ब्राउझरमध्ये?

घोडबंदरकर: नेटचा लोचा. आमच्या सोसायटीत सात वाजले, क्रिकेट लागलं की हेच. दुसरं कनेक्शन घ्या.

नौपाडेकर: नेट ठीक आहे हो. जिट्सी, आयफ्रेम एपीआय (कॉलची खिडकी आपल्या पानातच बसते), ब्राउझरमध्ये.

ऐरोलीवाला: जिट्सी सोडा, झूमचं एसडीके (ॲपमध्ये बसवायचा तयार कोड) घ्या. आमच्या कंपनीत तेच चालतं. झूमला ॲपची ओळख पटवायची जेडब्ल्यूटी पद्धत शिकवणारे जुने व्हिडिओ मात्र बघू नका, ती पद्धत २०२३ मध्ये बंद झाली. आता त्याजागी सर्व्हर-टू-सर्व्हर ओऑथ, टोकन (तात्पुरता परवाना) दर तासाला नवं.

खिडकी_सीट: त्यांनी झूम विचारलंय का? फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत संपते, क्लास कसा घेणार?

ऐरोलीवाला: मग पैसे भरायचे. सर्व्हर सांभाळत बसण्यापेक्षा परवडतं.

खिडकी_सीट: नौपाडेकर, सर्व्हर कोणाचा? जिट्सीचा सार्वजनिक सर्व्हर आयफ्रेममध्ये ५ मिनिटांनी कॉल तोडतो, तो डेमोपुरताच आहे.

नौपाडेकर: स्वतःचा, भाड्याचा. त्यावर उबुंटू. ८० आणि ४४३ हे पोर्ट (सर्व्हरची दारं) उघडे आहेत.

खिडकी_सीट: आणि यूडीपी पोर्ट १००००? दोघं असताना जिट्सी दोन ब्राउझर थेट जोडतं, व्हिडिओ सर्व्हरकडे जातच नाही. तिसरा आला की सगळं व्हिडिओब्रिजमधून (सर्व्हरवरचा व्हिडिओ वाटणारा भाग), आणि तो १०००० वर ऐकतो. यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूचं फायरवॉल) उघडा, शिवाय सर्व्हर देणाऱ्याच्या पॅनलमध्येही. तिथलं फायरवॉल वेगळं असतं, लोक नेमके तिथेच अडकतात. खात्री करायची तर कॉन्फिगमध्ये पीटूपी (ती थेट जोडणी) बंद करा. दोघांतही काळं झालं तर हेच कारण.

कोपरी_पूर्व: क्लास कुठे आहे? दहावीची फी किती?

नौपाडेकर: पॅनलमध्येच बंद होता! तिघं दिसले. रेकॉर्डिंग मात्र सुरू होत नाही.

घोडबंदरकर: म्हणजे नेटचंच निघालं.

खिडकी_सीट: काका, पोर्ट वेगळा, नेट वेगळं. नौपाडेकर, जिब्री बसवलंय का? रेकॉर्डिंगला ते लागतं, आणि एक जिब्री एका वेळी एकच मीटिंग धरतं. दोन बॅच एकदम असतील तर दोन लागतील. नवा धागा काढा.

ऐरोलीवाला: झूममध्ये रेकॉर्डिंग तयार मिळतं. सांगत होतो.