ओव्हरड्राफ्ट वापरला होता, मग गृहकर्जाच्या वेळी बँकेने काय विचारलं?

माझी जाऊ गृहकर्जासाठी कागद जमवतेय. पगाराच्या खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट (ओडी, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायची सोय) ती अधूनमधून वापरते, थकवलेला कधीच नाही. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, आधी ओडी बंद कर. दुसरा म्हणतो, वेळेवर भरतेस ना, मग उलट चांगलंच दिसेल. ओडी वापरून नंतर गृहकर्ज घेतलेल्यांनी आपल्या फाइलवर प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. 'क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा आकडा) चांगला ठेवा' हे आम्हालाही ठाऊक आहे. कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटांनी कृपया लांब राहावं.

कोराकागद:
कर्ज मिळालं, पण मागितलं त्यापेक्षा कमी. स्कोअर उत्तम, एकही हप्ता चुकलेला नाही, तरी स्टेटमेंटवर अडलं. बँकेतल्या बाईंनी ६ महिन्यांचं स्टेटमेंट टेबलावर पसरलं आणि उणे शिल्लक असलेल्या ओळींवर पेन्सिलने खुणा करत गेल्या. दर महिन्याला २० तारखेच्या पुढे खुणा सुरू, पगाराच्या दिवशी बंद. मग म्हणाल्या, "पगारातला पाव भाग आधीचा खड्डा बुजवण्यात जातो. यात घराचा हप्ता कुठे बसवायचा ते तुम्हीच दाखवा." मी बोनसचे कागद पुढे केले. त्यांनी शांतपणे पाहिले, पण हिशेबात धरले नाहीत.

अबोल:
मला कुणी काही विचारलं नाही. वापर क्वचित, तोही दोन-चार दिवसांचा असायचा.

जुनीवही:
कर्ज विभागात उमेद गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो. कोराकागद, तुमचा स्कोअर चांगला असूनही अडलं, कारण स्कोअरचा आकडा महिन्याच्या कुठल्या तारखेला खातं रिकामं होतं ते सांगत नाही. स्टेटमेंट सांगतं.

आता हिशेब. समजा ओडीची मर्यादा महिन्याच्या पगाराच्या तिप्पट आहे आणि ती पूर्ण उचललेली आहे. वर्षाला १२ टक्के दराने महिन्याचं नुसतं व्याजच पगाराच्या ३ टक्के झालं. तेवढी हप्ता भरायची ऐपत कमी. ९ टक्के दराच्या, २० वर्षांच्या गृहकर्जात लाखामागे हप्ता ९०० च्या आसपास पडतो. त्या हिशेबाने कर्ज सव्वातीन पगारांहून थोडं जास्तच घटतं. व्याजाबरोबर मुद्दलाचाही काही भाग दरमहा धरला, तर आणखी. काही ठिकाणी न वापरलेली मर्यादासुद्धा देणं म्हणून मोजतात, कारण मंजुरीनंतर दुसऱ्याच दिवशी तुम्ही ती उचलू शकता. हे अर्जाआधी तोंडावर विचारून घ्यावं.

मर्यादेच्या आत राहून वापरणं आणि मर्यादा ओलांडल्यामुळे चेक किंवा हप्ता परत जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर आम्ही प्रश्न विचारायचो. दुसरं दिसलं की फाइल बाजूला पडायची.

झुलतापूल:
व्यवसाय असेल तर हे सगळं जरा वेगळं. माझं ओडी खातं रोजच उणे असतं, त्याशिवाय माल उचलताच येत नाही. माझ्याकडे वर्षभराचं स्टेटमेंट मागितलं. त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं: गिऱ्हाइकांचे पैसे आल्यावर शिल्लक खाली-वर होते की खातं मर्यादेला चिकटूनच बसलंय? व्याज दरमहा वेळेवर जमा होतं, तेही बघितलं. मात्र मर्यादेचं वार्षिक नूतनीकरण आमच्याच शाखेत रेंगाळलं होतं आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, खातं अनियमित दिसत होतं. ते निस्तरायला गृहकर्जाच्या अर्जापेक्षा जास्त हेलपाटे पडले.

चतकोर:
माझा ओडी मुदत ठेवीवर होता, त्यामुळे निर्धास्त होतो. व्याजदर कमी, तारण बँकेकडेच. पण घरासाठी पदरची जी रक्कम भरायची, ती मी याच ठेवीतून दाखवली होती. अधिकारी म्हणाले, "ठेवीवर बोजा आहे. ओडी फेडल्यावर जेवढी उरेल तेवढीच तुमची." बरोबरच होतं त्यांचं. उरलेल्यासाठी बायकोच्या ठेवीचा आधार घ्यावा लागला.

दोनखिडक्या:
आमचं दादाबरोबर संयुक्त खातं. ओडी तो वापरतो, मी त्या खात्याला हातही लावत नाही. तरी माझ्या रिपोर्टमध्ये अख्खी रक्कम! संयुक्त खात्यात देणं अर्धं-अर्धं वाटून धरत नाहीत. वहिनी म्हणाली नाव काढून घ्या, पण बाकी फिटल्याशिवाय बँक नाव काढेना.

वळचण:
मी अर्जाच्या तोंडावर ओडी बंद केला. रिपोर्टमध्ये मात्र तो चालूच दिसत होता, माहिती पुढे जायला वेळ लागतो. खातं बंद झाल्याचं आणि काही येणं नसल्याचं पत्र शाखेतून घेऊन फाइलला जोडलं, तेवढ्यावर भागलं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. जावेला कोराकागद यांचा अनुभव वाचून दाखवला, तर ती स्वतःच पेन्सिल घेऊन बसली. तिच्या खुणाही महिनाअखेरच्याच निघाल्या. जुनीवही, ओडी बंद करावा का?

जुनीवही:
लगेच नको. आधी बाकी शून्यावर आणायला सांगा, मग मर्यादा कमी करून घ्यायचा अर्ज द्या. घराची घाई नसेल तर निदान तीन पगार खातं अधिक शिल्लकेत राहू द्या आणि नंतरच स्टेटमेंट काढा. आणि अर्जात चालू देण्यांचा रकाना असतो, त्यात ओडी लिहायला सांगा. रिपोर्टमध्ये तो दिसणारच आहे.