जर्मनीत मुलाच्या बागेत भाजीपाला लावायचा आहे, ९० दिवसांत काय काय होईल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, मखमलाबादकडे राहते. मुलगा-सून जर्मनीत स्टुटगार्टजवळ असतात. तिथल्या बागसंस्थेच्या यादीत त्यांचं नाव बरीच वर्षं होतं, यंदा त्यांना जमिनीचा तुकडा मिळाला. या बागांना तिकडे क्लाइनगार्टन म्हणतात. कायद्याने तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, म्हणजे आपल्या हिशेबाने जास्तीत जास्त चार गुंठे. निदान तिसऱ्या हिश्श्यात तरी भाज्या-फळं लावावीच लागतात, नुसतं गवत राखून चालत नाही. त्यांचा तुकडा लहानच आहे, पण पाण्याची सोय आहे, माती काळी भुसभुशीत दिसते आणि मागच्या माणसाने लावलेलं सफरचंदाचं झाड आहे.

दोघंही नोकरी करतात. फोनवर जेवणाचं विचारलं की कधी पाव-चीज, कधी फ्रीजरमधलं पालक-पनीर. तक्रार कुणाचीच नाही. पण मागे सून म्हणाली, "आई, मला फक्त मेथीची परतून भाजी आणि भाकरी खावीशी वाटते, बाकी काही नको." तिथे मेथीची जुडी मिळते ती भारतीय दुकानात, तीही आठवड्यातून एखाद्या दिवशी, कोमेजलेली आणि महाग. आमच्याकडे पंचवटीच्या बाजारात हिवाळ्यात मेथीचे ढीग लागतात, आणि पोरं तिकडे एका जुडीसाठी शनिवार घालवतात. म्हणून या उन्हाळ्यात आम्ही दोघं जाणार आहोत ते फिरायला कमी आणि बागेला जास्त.

अडचण दिवसांची आहे. आमचा व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. मुलगा म्हणतो एप्रिलमध्ये या, तेव्हा सगळं फुलतं. हे म्हणतात जूनमध्ये जाऊ, उबदार असेल. मला भाजीच्या दृष्टीने सांगा, नेमकं केव्हा निघावं?

दुसरं, बियाण्याचं. माझ्याकडे घरचं बी आहे: गावठी मेथी, तांदुळजा, अंबाडी, वालपापडी, गवार, दोडका. शिवाय आमच्या मावसभावाकडचं उन्हाळी कांद्याचं बी. हे बरोबर नेता येतं का? आणि नेलं तर तिथे येईल का?

तिसरं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही परत आल्यावर ही दोघं नोकरी सांभाळून पुढे चालवू शकतील अशाच भाज्या सांगा. तीन महिने मी राबून बाग उभी करायची आणि नंतर तिथे तण माजायचं, असं मला नको आहे. थोडं लावू, पण त्यांच्या ताटात वर्षभर काहीतरी हिरवं पडत राहावं.

जाता जाता, भाकरीचंही कुणी सांगा. त्यांच्याकडे गॅस नाही, काचेची विजेची शेगडी आहे. सून म्हणते भाकरी फुगतच नाही आणि थापताना कडा फाटतात.

– मळ्याकडची

नेकारकाठ :

काकू, मे महिन्याच्या मध्यावर या. ११ ते १५ मे या दिवसांना इथे आइसहायलिगे म्हणतात. तोपर्यंत रात्री पारा शून्याखाली जायची भीती असते, म्हणून टोमॅटो, मिरची, भोपळा, घेवडा कुणी उघड्यावर लावत नाही. एप्रिलमध्ये आलात तर तुमचा महिना मुळा, मोहरी आणि पालक यांच्यावरच जाईल. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत राहिलात तर पेरणीही तुमच्या हातून होईल आणि काढणीही. मिरचीचं बी मुलाने फेब्रुवारीतच खिडकीत टाकावं, टोमॅटोचं मार्चमध्ये. जमलं नाही तरी हरकत नाही, मेमध्ये बाजारात तयार रोपं मिळतात.

बी मात्र आणू नका. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात पेरणीच्या बियाण्याला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं, बॅगेतल्या छोट्या पुडीलाही. कढीपत्ता आणि ताज्या भाज्यांनाही तोच नियम. तूप, खवा, पेढे तर दुधाचे म्हणून आणताच येत नाहीत. इथल्या दुकानात खायला मिळणारी मेथी, धणे, मोहरी, राजगिरा पेरा. जुना माल नसेल तर छान उगवतात. लाह्यांचा राजगिरा नको, कच्चा घ्या.

आता एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, ती म्हणजे गोगलगाय. शंख नसलेली, तांबूस, बोटाएवढी. पाऊस पडून गेला की रात्रीत मेथीची कोवळी ओळ साफ करते. सकाळी मातीवर फक्त चकाकणारे पट्टे दिसतात. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. आयर्न फॉस्फेटचे दाणे मिळतात, सेंद्रिय शेतीतही चालतात, ते पेरणीच्या दिवसापासूनच टाका. घेवडा आणि भोपळा ट्रेमध्ये वीतभर वाढवून मगच जमिनीत लावा.

आणि तण काढताना जपून! चाकवत इथे तण म्हणून उगवतो. कोवळ्या शेंड्यावर आणि पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी असते, ती बोटाला लागते. आधी तुम्ही ओळखून सुनेला दाखवा, मग ताकातली भाजी करा. घोळही फरशीच्या फटीत येते, आणि तुर्की दुकानात तिच्या जुड्या मिळतात. आंबट चुक्याच्या जागी झाउअरआम्फर लावा. त्याच कुळातला आहे, एकदा लावला की दरवर्षी आपोआप फुटतो. नोकरीवाल्यांना यापेक्षा सोपी भाजी नाही. आळूच्या पातळ भाजीला मांगोल्डची (बीटच्या जातीची पालेभाजी) पानं वापरतो आम्ही, दाणे आणि मुळा घालून. रुबार्बचे आंबट देठ डाळीत छान लागतात, पण त्याची पानं विषारी असतात, ती कधीच खाऊ नका.

निफाडकर :

ताई, कांद्याचं बी घरीच राहू द्या. नियमाचं सोडा, तिथे त्याचा कांदाच नीट होणार नाही. आपला कांदा लहान दिवसाचा, म्हणजे दिवस लहान असला तरी गाठ धरणारा. नाशिकला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. स्टुटगार्टला जूनमध्ये १६ तासांचा. वसंतात लावलेलं आपलं रोप लांब दिवस बघून घाईने गाठ धरतं, पात वाढायच्या आधीच, मग हाती येतो लिंबाएवढा कांदा. तिकडचं लांब दिवसाचं वाण किंवा तयार कांदी (लावणीचे छोटे कांदे) लावा.

वालपापडीचं नेमकं उलटं. तिला फुलायला दिवस लहान व्हावा लागतो. नुसता वेल माजेल, फुलं येतील सप्टेंबरात आणि पाठोपाठ थंडी. अंबाडीचंही तसंच, पण तिची पानं तरी खाता येतील. शेंगेची हौस असेल तर बुटका श्रावणघेवडा लावा. मेअखेर टोचला तर जुलैअखेर शेंगा येतात, तुम्ही असतानाच. गवार, दोडक्याला तिथली ऊब पुरत नाही, काचघर असेल तरच नाद करा.

मेथी, कोथिंबीर जूनमध्ये लवकर फुलावर येतात. एकदम मोठा वाफा करू नका. दर दोन आठवड्यांनी हातभर रुंद पट्टा पेरा, दुपारी सावली येईल अशा जागी. खरा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून. म्हणजे निघायच्या आधी शेवटची मेथी पेरून या, ती सप्टेंबरात मुलं खातील. मुळा फुलावर आला तर उपटू नका, डिंगऱ्या धरतात, त्यांची भाजी करा. हिवाळ्यात खिडकीत पसरट ट्रेमध्ये मेथी दाट पेरून बोटभर झाली की कापायची, एवढं तर कुणालाही जमतं.

सरस्वतीपूल :

भाकरीबद्दल : पीठ जुनं झालं की ज्वारीचा चिकटपणा जातो, म्हणून कडा फाटतात. अर्धं पीठ उकळत्या पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, कोमट झालं की उरलेलं पीठ घालून तळहाताने चांगलं मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा, ते सुकायच्या आत उलटा. दुसरी बाजू पूर्ण शेकू द्या, मग पुन्हा उलटून घडी घातलेल्या फडक्याने कडेकडेने दाबत फिरवा. काचेच्या शेगडीवरही फुगते, फक्त तवा जाड आणि आधी चांगला तापलेला हवा.

मळ्याकडची :

सगळ्यांचे मनापासून आभार. यांना वाचून दाखवलं, मेच्या मध्याची तिकिटं बघायला लागलेत. चाकवताचं वाचून फार बरं वाटलं, ताकातली भाजी माझ्या सुनेच्या माहेरची आवडती. मुलाला मिरचीचं बी टाकायला सांगितलं आहे. झाउअरआम्फर वाफ्यात लावावा की मोठ्या कुंडीत, आणि पहिल्या वर्षी किती पानं तोडावीत, हे नेकारकाठ सांगाल का? शिवाय भारतीय दुकानात आळूचे कंद मिळतात म्हणे. ते कुंडीत लावून हिवाळ्यात घरात ठेवले तर टिकतात का, कुणी करून पाहिलं असेल तर लिहा.