टायलरचे दोन मैल

स्वयंसेवकांच्या स्वच्छता मोहिमा पहिल्या दिवसाची छायाचित्रे निघताच थंडावतात, हा नेहमीचा आक्षेप मला बऱ्याच अंशी पटतो. मात्र अमेरिकेतील टेक्सास राज्याने त्यावर उपाय शोधला होता. तेथील महामार्ग विभागाचे अभियंते जेम्स इव्हान्स यांना १९८४ मध्ये समोरच्या गाडीतून कचरा उडताना दिसला, त्यातून स्वयंसेवी गटांना सफाईसाठी रस्ता दत्तक देण्याची योजना निघाली आणि पुढच्याच वर्षी टायलर शहरातील एका नागरी मंडळाने महामार्ग क्रमांक ६९ वरील दोन मैलांचा पट्टा दत्तक घेतला. या योजनेत गट दोन वर्षांची जबाबदारी स्वीकारून वर्षातून साधारण चार वेळा सफाई करतो, तर विभाग सुरक्षा जाकिटे, पिशव्या व प्रशिक्षण देतो आणि भरलेल्या पिशव्या स्वतः उचलून नेतो. हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गोळा केलेला कचरा रस्त्याकडेलाच पडून राहिला आणि जनावरांनी तो पुन्हा विस्कटला, की माणसांचा हुरूप कायमचा जातो. म्हणून आपल्याकडे मोहीम आखताना, झाडू आणि हातमोजे जमवण्याआधी, नगरपालिकेची गाडी कोणत्या दिवशी येईल हे लेखी घ्यावे.