मदत हवी आहे : 'प्वांकारे' आडनावाची माणसं आज किती, हे कसं मोजायचं?

गणितज्ञ आंरी प्वांकारे (नान्सी, 1854) आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष रेमों प्वांकारे (बार-ल-द्युक, 1860) हे चुलतभाऊ. दोघांची जन्मगावं ईशान्य फ्रान्समधल्या लोरेन प्रांतातली, त्यामुळे शोध तिथेच घेतोय. फ्रेंचमध्ये 'बिंदू' आणि 'मूठ' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'प्वां'च, आणि 'कारे' म्हणजे चौकोनी. चौकोनी बिंदूला काही अर्थ नाही. चौकोनी मूठ हे मात्र दणकट माणसाचं टोपणनाव सहज वाटतं. मला मुठीचीच व्युत्पत्ती पटते.

अडलंय ते संख्येवर. इन्सेची (फ्रान्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेची) आडनावांची यादी जन्म मोजते, हयात माणसं नव्हे. म्हणून इन्सेच्याच 1970 पासूनच्या मृतांच्या फाइली घेतल्या. प्रत्येक ओळीत पहिली 80 अक्षरं नावाची : आडनाव, ताराचिन्ह, नावं, तिरकी रेघ. मग लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळाचा पाच अंकी संकेतांक. आडनाव ताराचिन्हासकट शोधायचं, नाहीतर त्याच अक्षरांनी सुरू होणारी लांब आडनावंही गळाला लागतात. संकेतांक 55 ने सुरू झाला तर म्यूझ, 54 म्हणजे मर्त-ए-मोझेल, 88 म्हणजे व्होझ (हे लोरेनमधले जिल्हे). बायकांची नोंद जन्माच्या आडनावानेच असते, ही मोठीच सोय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जन्मांतून मृत्यू वजा करून हयातांचा अंदाज काढताना 1970 पूर्वीच्या मृत्यूंचं काय करता? आणि 1792 आधीच्या चर्चच्या वह्यांत हे आडनाव आणखी कोणकोणत्या स्पेलिंगनी शोधायचं? या वह्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांनी कृपया सांगा, एखादं स्पेलिंग मिळालं तरी पुष्कळ आहे.